लयीचे बंड : रॉक अँड रोल आणि मराठी अभिरुची

१

मराठी वाङ्मयेतिहासात बंडखोरीचा शोध बहुधा शब्दांत घेतला गेला आहे. केशवसुत, मर्ढेकर, साठोत्तरी अनियतकालिके, दलित कविता असा या शोधाचा परिचित मार्ग आहे. कवीने कोणत्या मूल्यांना नकार दिला, कोणते निषिद्ध विषय उच्चारले, प्रमाणभाषेची कोणती बंधने झुगारली, असे प्रश्न विचारून समीक्षा त्याच्या बंडाचे मोजमाप करते. ही पद्धत अयोग्य म्हणता येणार नाही. परंतु तिच्यामुळे एक गोष्ट दृष्टिआड राहते. शब्दांतून काहीही जाहीर न करता केवळ नाद, गती आणि शरीर यांच्या द्वारा केलेले बंड तिच्या कक्षेत येत नाही. असे बंड करणारे लोक बहुधा कष्टकरी वर्गातले आणि त्यांचे माध्यम बहुधा 'करमणुकीचे' असल्याने त्यांची नोंद करण्याची गरजही समीक्षेला भासलेली नाही.

रॉक अँड रोल हे विसाव्या शतकातील अशा बंडाचे सर्वांत ठळक उदाहरण होय. एल्विस प्रेस्ली, चक बेरी, लिटल रिचर्ड यांच्या गाण्यांच्या संहिता कागदावर वाचल्या तर शाळा, मोटारगाडी, मुलगी आणि नाच यांपलीकडे त्यांत फारसे काही सापडत नाही. राज्यसंस्थेविषयी अवाक्षर नाही, धर्मावर टीका नाही, समाजबदलाचा कार्यक्रम तर नाहीच. तरीही १९५५ ते १९५८ या काळात अमेरिकेतील पालक, धर्मोपदेशक आणि दूरचित्रवाणीचे चालक या गाण्यांनी अस्वस्थ झाले. शब्द निरुपद्रवी असताना ही अस्वस्थता कशामुळे निर्माण झाली, हा साहित्यविचाराच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे.

त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो. या बंडाचा मराठी भाषिक समाजाशी काही संबंध आहे काय? रॉक अँड रोल ही मुंबईतील इंग्रजी शिकलेल्या तरुणांनी उचललेली आणि हिंदी चित्रपटाने नक्कल केलेली परकी गोष्ट आहे, असे उत्तर सामान्यतः दिले जाते. हे उत्तर अपुरे आहे. ज्यांना या संगीताचे भारतीय पूर्वसूरी म्हणता येईल त्यांपैकी दोघे मराठी होते. एकाचा जन्म वऱ्हाडात अमरावतीला झाला. दुसऱ्याने आपले आरंभीचे संगीतशिक्षण नागपूरला घेतले. भगवान आबाजी पालव आणि रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे मास्टर भगवान आणि सी. रामचंद्र, हे ते दोघे.

२

प्रथम मूळ घटिताचे स्वरूप पाहिले पाहिजे. मार्च १९५१ मध्ये मेम्फिस येथे सॅम फिलिप्स यांच्या ध्वनिमुद्रणगृहात 'रॉकेट ८८' हे गाणे मुद्रित झाले. रॉक अँड रोलचा आरंभ येथून धरावा, असे मानणारा एक पक्ष आहे. १९५४ मध्ये प्रेस्लीची पहिली तबकडी याच फिलिप्स यांनी काढली. १९५५ मध्ये चक बेरीचे 'मेबेलीन' आणि लिटल रिचर्डचे 'टुटी फ्रुटी' ही गाणी आली. १९५६ मध्ये बिल हेलीचा 'रॉक अराउंड द क्लॉक' हा चित्रपट देशोदेशी गेला. या गायकांचे पूर्वायुष्य लक्षात घेण्यासारखे आहे. प्रेस्ली मालमोटार चालवीत असे, बेरीने मोटारींच्या कारखान्यात काम केले होते, लिटल रिचर्डने बसस्थानकावरच्या उपाहारगृहात भांडी घासली होती. अमेरिकेत तबकड्यांची बाजारपेठही वर्णानुसार विभागलेली होती. कृष्णवर्णीयांच्या तबकड्यांचा वर्ग निराळा आणि त्याचे नावही निराळे. रॉक अँड रोलने ही विभागणी ओलांडली. कृष्णवर्णीयांची लय गोऱ्या मुलांच्या घरात, त्यांच्या अंगात शिरली.

'टुटी फ्रुटी'चा इतिहास या संदर्भात फार उद्बोधक आहे. या गाण्याचे मूळ शब्द अश्लील असल्याने ध्वनिमुद्रणाच्या वेळी डोरोथी लाबोस्त्री या गीतलेखिकेकडून नवे, सोज्ज्वळ शब्द लिहून घेण्यात आले. म्हणजे जे 'आक्षेपार्ह' होते ते अगोदरच काढून टाकलेले होते. उरले ते आरंभीचे अर्थहीन अक्षरांचे आवर्तन, ज्यात ढोलाचा ठोका तोंडाने वाजविल्यासारखा ऐकू येतो. पुढच्याच वर्षी पॅट बून या गोऱ्या गायकाने तेच सोज्ज्वळ शब्द शांतपणे गायिले. त्याची तबकडी लोकप्रियतेच्या सर्वसाधारण यादीत मूळ गाण्याच्याही वर गेली आणि कोणीही दचकले नाही. संहिता तीच राहूनही एका कंठातून ती धोकादायक ठरली आणि दुसऱ्या कंठातून घरगुती झाली. बंड संहितेत नव्हते, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

प्रेस्लीच्या बाबतीत हीच गोष्ट दृश्य स्वरूपात घडली. ६ जानेवारी १९५७ रोजी एड सलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्याचे चित्रीकरण केवळ कमरेच्या वरचे दाखविण्यात आले. शब्द सर्व ऐकू येऊ दिले. झाकले ते शरीर. अभिरुचीच्या रखवालदारांना धोका कोठे आहे हे अचूक कळले होते. समीक्षकाला मात्र तो धोका संहितेत शोधण्याची सवय असते.

३

'रॉकेट ८८' मुद्रित झाले त्याच वर्षी, १९५१ मध्ये, मुंबईत 'अलबेला' हा चित्रपट प्रदर्शित झाला. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. मात्र दोन दूरच्या शहरांत कष्टकरी वर्गातून आलेले लोक एकाच सुमारास सारख्याच प्रकारची गोष्ट करीत होते, एवढे या योगायोगावरून ध्यानात येते.

भगवान यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ चा. वडील कापड गिरणीत कामगार. बालपण दादर-परळच्या गिरणवस्तीत गेले आणि आरंभी स्वतः भगवान यांनीही मजुरी केली. मूकपटाच्या अखेरच्या काळात ते चित्रपटसृष्टीत शिरले आणि १९३८ नंतर सुमारे दशकभर त्यांनी अल्प खर्चाचे मारधाडपट काढले. या चित्रपटांचा प्रेक्षक मुख्यतः श्रमिक होता. प्रतिष्ठित परीक्षणांत त्यांना स्थान नव्हते. 'अलबेला' हा त्यांचा पहिला मोठा सामाजिक चित्रपट. नाटकाचा नाद असलेला, गरीब घरातील एक तरुण घराबाहेर पडतो आणि रंगभूमीवर यश मिळवितो, एवढेच त्याचे कथासूत्र. लोकांनी कथेसाठी तो पाहिला नाही. त्यांनी पाहिले ते भगवान यांचे नाचणे.

या नृत्याचे वर्णन तपशिलाने करणे आवश्यक आहे, कारण बंड तेथे आहे. भगवान यांचे शरीर नायकाचे नव्हते. ते बुटके, जाड, कसरतीत आणि कुस्तीत घडलेले होते. पाय फार न उचलता, खांदे, कोपरे आणि कंबर यांच्या लहान लहान हिसक्यांवर ते नाचत. कथ्थकाची तत्कारे नाहीत, भरतनाट्यमच्या मुद्रा नाहीत, तालमीतून येणारी चपळाई नाही. गणपतीच्या मिरवणुकीत ज्याला नाच येत नाही असा माणूसही जसा नाचतो, त्या जातीचे हे नृत्य आहे. त्यामुळे ते पाहणाऱ्या गिरणी कामगाराला किंवा शेतमजुराला 'हे मलाही येईल' असे वाटले. अभिजात नृत्य प्रेक्षकाला बसवून ठेवते; हे नृत्य त्याला उठविते. प्रेस्लीच्या कमरेने अमेरिकेत जे केले त्याचे नाते याच गोष्टीशी आहे. फरक इतकाच की प्रेस्लीच्या शरीरात कामुकतेचे आव्हान होते, तर भगवान यांच्या शरीरात विनोदाचे कवच होते. त्या कवचाविषयी पुढे विचार करावा लागेल.

या शरीराला लय पुरविली ती चितळकरांनी. १२ जानेवारी १९१८ रोजी पुणतांबे येथे जन्मलेल्या चितळकरांचे शिक्षण शुद्ध शास्त्रीय वळणाचे होते. नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्याला विनायकबुवा पटवर्धनांकडे ते शिकले. भगवान यांच्याशी त्यांचे सहकार्य १९४२ च्या 'सुखी जीवन'पासूनचे. १९४७ च्या 'शहनाई'त त्यांनी पाश्चात्त्य ठेक्याचे गाणे आणले आणि ते देशभर गाजले. 'अलबेला'त त्यांनी बोंगो, मराका, ट्रंपेट, क्लॅरिनेट यांचा केलेला उपयोग धीट आहे. त्याच चित्रपटात संपूर्ण देशी वळणाची अंगाईही आहे. दोन्ही एकाच हातची. तेव्हा परकीय लयीचा स्वीकार हा अज्ञानातून आला, असे म्हणण्यास येथे जागा उरत नाही.

ही लय त्यांच्यापर्यंत कशी आली, हा इतिहासही महत्त्वाचा आहे. १९३५ पासून लिऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड यांसारखे कृष्णवर्णीय अमेरिकन जॅझवादक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवीत होते. त्यांच्याकडून ती गोव्याच्या वादकांनी घेतली. हळदोणे गावचा आंतोनियो शावियेर वाझ, व्यवसायातील नाव चिक चॉकलेट, हा त्यांतील अग्रणी ट्रंपेटवादक. लुई आर्मस्ट्राँग हा त्याचा आदर्श. हाच वाझ चितळकरांचा साहाय्यक होता आणि 'अलबेला'त आपल्या वाद्यवृंदासह तो पडद्यावरही दिसतो. म्हणजे मेम्फिसमध्ये ज्या संगीतातून रॉक अँड रोल उपजले, त्याच कृष्णवर्णीय संगीताची एक शाखा सरळ मुंबईला आलेली होती. हॉलिवूडच्या चित्रपटाने रॉक अँड रोल हे नाव येथे पोचविले. त्यापूर्वीच त्याचा वाण येथे लागलेला होता.

१९५७ मध्ये एम. व्ही. रामन यांच्या 'आशा' या चित्रपटात चितळकरांनी ते नावही आत्मसात केले. 'ईना मीना डीका' हे गाणे किशोरकुमार आणि आशा भोसले यांनी स्वतंत्रपणे गायिले. गीतकार राजेंद्र कृष्ण. दाराबाहेर खेळणाऱ्या मुलांच्या इंग्रजी मोजणीगीतावरून त्याची कल्पना सुचली आणि चितळकरांचे गोमंतकीय साहाय्यक जॉन गोम्स यांनी त्यात कोकणी शब्दांची भर घातली, असे सांगितले जाते. इंग्रजी बालगीत, कोकणी नकार, हिंदी क्रियापदे आणि मराठी संगीतकार अशी या गाण्याची घडण आहे. अर्थ असा त्यात नाहीच. 'टुटी फ्रुटी'प्रमाणे येथेही तोंड हे तालवाद्य झालेले आहे.

निरर्थक अक्षरांना आपल्या परंपरेत स्थान नाही असे नव्हे. तराणा संपूर्णपणे निरर्थक अक्षरांवर उभा असतो. तबल्याचे बोल मुखोद्गत म्हटले जातात. तमाशातील झीलकरी अर्थाविना सूर धरून ठेवतात. तराण्याला मैफलीत मान आहे, कारण त्याला घराण्याची मान्यता आहे. झिलीला तो नाही आणि 'ईना मीना डीका'ला तर नाहीच. निरर्थकता कोणाच्या तोंडी आहे यावर तिचे मूल्य ठरते, असा हा अभिरुचीचा अलिखित नियम आहे.

४

समीक्षेला जे दिसले नाही ते सत्तेला दिसले. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ ते १९६२ या काळात केंद्रीय नभोवाणीमंत्री होते. पुण्यात जन्मलेले, पॅरिसला डॉक्टरेट मिळविलेले, शास्त्रीय संगीताचे निष्ठावान रसिक. चित्रपटसंगीत उत्तरोत्तर पाश्चात्त्य वळणाचे आणि हीन अभिरुचीचे होत आहे, अशी त्यांची धारणा होती. आकाशवाणीवर चित्रपटगीतांचा वेळ कठोरपणे मर्यादित करण्यात आला. गाणे सांगताना चित्रपटाचे नाव वगळण्यात येऊ लागले. निर्मात्यांनी प्रक्षेपणाची परवानगीच काढून घेतली आणि चित्रपटगीत राष्ट्रीय नभोवाणीवरून जवळजवळ नाहीसे झाले. त्याच्या जागी सुगम संगीताची निर्मिती आकाशवाणीने स्वतः हाती घेतली.

मराठी काव्यविचारावर या धोरणाचा दूरगामी परिणाम झाला. एप्रिल १९५५ ते एप्रिल १९५६ या वर्षात पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या 'गीतरामायणा'ची ५६ गीते प्रक्षेपित झाली. त्यांची गुणवत्ता वादातीत आहे. परंतु याच वर्षात दुसरीकडे 'टुटी फ्रुटी' मुद्रित होत होते, ही समकालीनता अर्थपूर्ण आहे. 'गाणे' म्हणजे स्पष्ट शब्दोच्चार, उदात्त आशय, संयत चाल, असा आदर्श मराठी मध्यमवर्गाच्या मनात या काळात दृढ झाला. भावगीत हा वाङ्मयप्रकार म्हणून पाठ्यपुस्तकांत आला, त्यावर प्रबंध झाले. चितळकरांच्या ठेक्याच्या गाण्यांना वाङ्मयबाह्य ठरविणारी रेषा येथेच आखली गेली.

निर्बंधाचा प्रत्यक्ष परिणाम मात्र उलटा झाला. लोक रेडिओ सिलोनकडे वळले. डिसेंबर १९५२ मध्ये तेथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सयानी यांचा आवाज घरोघरी पोचला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करून चित्रपटगीत परत आणावे लागले. ते 'आशा'चेच वर्ष. केसकरांचे निदान आणि रॉक अँड रोलला विरोध करणाऱ्या अमेरिकन पालकांचे निदान एकाच प्रकारचे होते. दोघांनाही ठेक्यातील अवज्ञा ऐकू आली होती. विरोधकाने दिलेली ही पावती समीक्षेने आजवर तपासून पाहिलेली नाही.

५

वऱ्हाडात या लयीचे स्वागत कोणत्या भूमीवर झाले, हे पाहिल्याखेरीज तिला परकी किंवा देशी ठरविणे उतावळेपणाचे होईल. सातपुड्याच्या पायथ्याशी, वरुड तालुक्यात असलेले शेंदूरजनाघाट हे या दृष्टीने प्रातिनिधिक गाव मानता येईल. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत अमरावती जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता. त्या दिवशी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि या गावाच्या उत्तरेस राज्याची सीमा पडली. सीमेपलीकडे मुलताई-पांढुर्ण्याच्या बाजारांत मराठी चालत होती आणि अलीकडच्या वऱ्हाडीत हिंदी मुरलेली होती. अशा श्रोत्याला हिंदी गाणे परभाषेचे वाटण्याचे कारण नव्हते. चित्रपट व्यवसायाच्या वितरणक्षेत्रांत तर 'सी. पी. बेरार' हे नाव राजकीय नकाशावरून पुसले गेल्यावरही टिकून राहिले. राज्याची राजधानी बदलली, तरी चित्रपटांची पेटी जुन्याच वाटेने येत राहिली.

याहून महत्त्वाचे म्हणजे या भूमीला ठेक्याचे बंड नवे नव्हते. यावलीला १९०९ मध्ये जन्मलेल्या तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने हा सारा परिसर १९३० नंतरच्या काळात जागा केला होता. १९३५ मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापिला. १९४२ च्या आंदोलनात त्यांना अटक झाली. वरुड तालुक्यातील बेनोडा आणि महाराजांचे जन्मगाव यावली ही दोन्ही गावे त्या लढ्यातील हुतात्म्यांमुळे 'शहीद' या जोडनावाने आजही ओळखली जातात. भजनाचा ठेका जमावाला बांधून ठेवतो, भय घालवितो आणि प्रसंगी शासनाला धोकादायक वाटतो, हा अनुभव या लोकांनी घेतलेला होता.

खंजिरी आणि रॉक अँड रोल ही तुलना वरवर पाहता अप्रस्तुत वाटेल. परंतु लिटल रिचर्ड आणि त्याच्या आधीची गिटारवादक गायिका रोझेटा थार्प हे दोघेही कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिसंगीतात वाढले होते. त्या प्रार्थनेत टाळ्या आणि टँबरीन यांचा ठेका असे. टँबरीन म्हणजे झांजा बसविलेली खंजिरीच. अमेरिकेत भक्तीचा ठेका चर्चबाहेर पडून नाचाचा ठेका झाला आणि धर्मोपदेशकांचा राग मुख्यतः या स्थलांतरावर होता. वऱ्हाडात खंजिरी भजनातच राहिली. तिच्या बंडाला राष्ट्रीय आशयाचा आधार मिळाला आणि म्हणून तिला प्रतिष्ठाही मिळाली. भगवान-चितळकरांच्या लयीला असा कोणताही घोषित आशय नव्हता. तीच तिची अडचण आणि तेच तिचे वेगळेपण. एक उक्तीसह आलेले बंड आणि दुसरे उक्तीवाचून आलेले बंड, असा भेद येथे करता येतो. इतिहासाने पहिले नोंदविले, दुसरे सोडून दिले.

भालचंद्र नेमाडे यांनी १९८० नंतर मांडलेल्या देशीयतेच्या विचाराने मराठी समीक्षेला अनुकरणाविषयी सावध केले, हे त्याचे श्रेय मान्य करावे लागेल. मात्र त्या विचाराच्या सुलभ उपयोजनात देशी म्हणजे येथे उगवलेले आणि परकी म्हणजे बाहेरून आणलेले, अशी ढोबळ विभागणी होते. शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांतील व्यवहार या विभागणीला वेगळे उदाहरण पुरवितो. हे गाव संत्र्याच्या कलमांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. मुळे जंबेरीची, फळ संत्र्याचे. आणि खुंटाच्या बळावाचून तो डोळा त्या मातीत तग धरत नाही. त्या झाडाला कोणी परके म्हणत नाही. कारण डोळा कोठून आला यापेक्षा तो धरला की नाही, हा तेथील निकष आहे. 'अलबेला'तील लयीने मिरवणुकीच्या नाचाचा, झिलीचा, बालगीताचा खुंट पकडला म्हणून ती धरली. जे अनुकरण असा खुंट न शोधता आले ते एका हंगामात वाळले. साठनंतरच्या हिंदी चित्रपटांतील कितीतरी 'ट्विस्ट' गाण्यांची आज नावेही आठवत नाहीत.

६

या बंडाच्या मर्यादा झाकून ठेवण्याचे कारण नाही. पहिली मर्यादा विनोदाच्या कवचाची. भगवान यांचे शरीर हसू आणणारे म्हणून स्वीकारले गेले. ज्याला हसता येते त्याला घाबरण्याची गरज नसते. अमेरिकेत प्रेस्लीला कमरेवर कापावे लागले. येथे भगवान यांना संपूर्ण दाखविता आले, यात आपल्या समाजाची सहिष्णुता आहे तशीच अवज्ञेला विदूषकाच्या भूमिकेत बसविण्याची जुनी युक्तीही आहे. तमाशातील सोंगाड्याला राजाची टर उडविण्याची मुभा असते, ती तो सोंगाड्या असतो तोवरच. 'अलबेला'चा नायकही अखेरीस यश घेऊन कुटुंबाकडे परततो. व्यवस्था मोडत नाही, तिच्यात त्याला जागा मिळते.

दुसरी मर्यादा काळाची. अमेरिकेत हा उठाव पाच वर्षांत ओसरला. लिटल रिचर्ड ऑक्टोबर १९५७ मध्ये गाणे सोडून धर्मकार्याकडे वळला, प्रेस्ली १९५८ मध्ये सैन्यात भरती झाला, बडी हॉली ३ फेब्रुवारी १९५९ रोजी विमान अपघातात मरण पावला, चक बेरीला त्याच वर्षी अटक झाली. इकडे भगवान यांना 'अलबेला'चे यश पुन्हा लाभले नाही. जुहूचा बंगला आणि मोटारी गेल्या. पुढील अनेक वर्षे लहान भूमिका करीत ते दादरच्या चाळीत राहिले आणि तेथेच ४ फेब्रुवारी २००२ रोजी वारले. ज्या वस्तीतून ते आले होते त्याच वस्तीत परतले. त्यांच्या उतरत्या काळातील भूमिकांत दिग्दर्शक त्यांना बहुधा तोच जुना नाच करायला सांगत. बंडाचे लकबीत रूपांतर होते तेव्हा बंडखोराला ती लकब पोट भरण्यासाठी पुनःपुन्हा करावी लागते.

चितळकरांचे प्राक्तन निराळे. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंडित नेहरूंच्या उपस्थितीत लता मंगेशकर यांनी 'ऐ मेरे वतन के लोगो' गायिले, चाल चितळकरांची. ज्याच्या ठेक्याच्या गाण्यांना राष्ट्रीय नभोवाणीने दार लावले होते, त्याच संगीतकाराच्या गाण्याला राष्ट्राच्या स्मृतीत कायमचे स्थान मिळाले. ५ जानेवारी १९८२ रोजी ते निधन पावले. त्यांचे स्मरण होते ते मुख्यतः या गीतामुळे. येथेही तोच न्याय दिसतो: घोषित आशय असलेली लय पूज्य, आशयावाचूनची लय गंमत.

७

मराठी साहित्यात या दुसऱ्या लयीचे महत्त्व ओळखणारा कवी झाला नाही असे नाही. अरुण कोलटकर यांनी यूनिस डिसूझा यांना आपल्या आवडत्या कवी-लेखकांची जी लांबलचक यादी सांगितली, तीत ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई, तुकाराम आहेत. रामजोशी, होनाजी, पठ्ठे बापूराव आहेत. आणि त्यांच्याच पंगतीत रॉबर्ट जॉन्सन, मडी वॉटर्स, हाउलिंग वुल्फ, लॅरी विल्यम्स, लीबर आणि स्टोलर आहेत. पहिले तिघे ब्लूजचे. लॅरी विल्यम्स हा लिटल रिचर्डच्याच कंपनीचा, १९५७-५८ मध्ये गाजलेला रॉक अँड रोल गायक. लीबर आणि स्टोलर हे प्रेस्लीच्या 'हाउंड डॉग' आणि 'जेलहाउस रॉक' या गाण्यांचे कर्ते.

ही यादी लहरीपणाची खूण म्हणून वाचली गेली आहे. वस्तुतः ती वाङ्मयेतिहासाची एक मांडणी आहे. लावणीकार आणि ब्लूजगायक यांना एका ओळीत बसविताना कोलटकरांनी उच्च-नीच आणि देशी-परकी हे दोन्ही भेद एकदम बाजूला सारले. त्यांच्या मुंबईच्या बोलीतील कवितांतून प्रमाण मराठी ज्या रीतीने मोडते, शब्द अर्थापेक्षा ठोक्याने पुढे सरकतो आणि हसू येता येता अंगावर काटा येतो, ती रीत केवळ युरोपीय आधुनिकवादाच्या संदर्भाने उलगडत नाही. तिच्यामागे गिरणवस्तीचा, चित्रपटगृहाचा आणि तबकड्यांचा कान आहे. १९५४ मध्ये 'शब्द' हे अनियतकालिक निघाले, तेव्हा 'अलबेला' येऊन तीन वर्षे झाली होती. साठोत्तरी बंडाची पूर्वपीठिका लिहिताना बोदलेअर, एलियट आणि गिन्सबर्ग यांची नावे नियमाने येतात. भगवान आणि चितळकर यांची येत नाहीत.

ती का यावीत, याचे कारण केवळ न्यायबुद्धीचे नाही. शब्दाने काय म्हटले याबरोबरच तो कोणत्या अंगाने आणि कोणत्या ठेक्यावर म्हटला गेला हे विचारल्याशिवाय शाहिरी, जलसे, भारूड आणि आधुनिक कविता यांचा एकसंध इतिहास लिहिता येणार नाही. मौखिक परंपरेच्या अभ्यासाला आपल्याकडे मान आहे, परंतु तिची हद्द आपण तबकडी आणि पडदा यांच्या अलीकडे आखली आहे. शेंदूरजनाघाटसारख्या गावातील श्रोत्याने अशी हद्द कधी मानली नव्हती. त्याच्या कानात भजनाची खंजिरी, जत्रेतील ढोलकी आणि रेडिओ सिलोनवरून येणारा चितळकरांचा ठेका हे एकत्र नांदत होते. अभिरुचीचा इतिहास लिहायचा झाला तर त्या कानापासून आरंभ करावा लागेल.